ज्यांची नावं मी दिली नाहीत

मनीषाताई म्हणाल्या, "वहिनी, आता तुम्ही बऱ्या झालात. शुक्रवारी अंगणवाडीत बायका जमणार आहेत, त्यांना सांगा तुमचं कसं झालं ते." मनीषाताई आमच्या भागातल्या आशा सेविका. मी हो म्हटलं, आणि शुक्रवारी डोकं दुखतंय असा निरोप पाठवून घरीच बसले. चार बायकांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. सत्यनारायणाला बोलावलं तरी मी मागे बसते आणि प्रसाद घेऊन निघते.

म्हणून लिहिते आहे, मुलीच्या कॉलेजच्या अर्ध्या उरलेल्या वहीत. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण लिहायला मला आवडतं. ही वही कोणाला दाखवीन की नाही, ते अजून ठरलेलं नाही. गोळ्या वेळेवर घ्या, टीबी बरा होतो, हे ताईंच्या पत्रकात छापलेलंच आहे आणि ते खरं आहे. मी बरी झाले. पत्रकात नसतं ते मला लिहायचं आहे.

पंखा बंद

आम्ही वालीवला चाळीत राहतो. मूळचे गुहागरकडचे. आमचे हे सातिवलीला एका गोडाऊनमध्ये मालाची चढउतार बघतात. मुलगी प्राजक्ता कॉलेजला जाते. मी घरी टिकल्यांचं काम करायची. मखमलीच्या बारीक टिकल्या कंपनीतून पिशव्या भरून येतात. त्या चिमट्याने उचलून कार्डावर ओळीत लावायच्या आणि मधोमध खडा बसवायचा. टिकली इतकी हलकी असते की माणूस जोरात हसला तरी जागची हलते. त्यामुळे हे काम करताना पंखा लावत नाहीत. खिडकी लावून घ्यायची आणि दार लोटायचं. टिकल्या करणारी कुठलीही बाई हेच सांगेल. मे महिन्यातही आम्ही घामाने निथळत तसंच बसायचो.

आम्ही म्हणजे मी आणि रेश्मा. रेश्मा शेजारच्या खोलीतली सून. वयाने माझ्या प्राजक्ताहून चारपाच वर्षांनीच मोठी. तिची मुलगी परी तेव्हा दीड वर्षाची होती. रेश्मा सकाळचं आवरून परीला काखोटीला मारून यायची ती जेवणवेळेपर्यंत बसायची.

"काकी, तुमच्याकडे बसलं की बरं. आमच्या घरातला भोंगा ऐकू येत नाही," असं ती म्हणायची. भोंगा म्हणजे तिची सासू. चाळीत सगळे त्यांना माई म्हणतात.

"हळू बोल. भिंत पातळ आहे."

"ऐकू दे की! तेवढाच कानातला मळ निघेल."

मी हसू दाबायची, नाहीतर टिकल्या उडायच्या. माझं लग्न होऊन वीस वर्षं झाली, पण चाळीत माझ्याशी मनापासून बोलणारी ती एकटीच होती. इतर बायका "काय, झालं का जेवण?" एवढंच विचारतात आणि मीही "झालं" एवढंच म्हणते.

गणपतीनंतर मला खोकला लागला. नाक्यावरच्या डॉक्टरांनी बाटली दिली. ती संपली, दुसरी दिली. मखमलीची पूड घशात जात असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं. खोकला आला की मी तोंड भिंतीकडे फिरवायची. तेवढं केलं की झालं, असं वाटायचं. परी दारात खेळायला गेली आणि दार उघडं राहिलं की मीच ओरडायची, "रेश्मा, दार लोट गं, माल उडतोय!" दिवाळी गेली, संक्रांत आली, तरी मी खोकतच होते. ब्लाउज सैल झाले होते. संध्याकाळी अंगात कसकस असायची.

डबी

मनीषाताई घरोघर विचारत फिरत होत्या. खोकला किती दिवस आहे, वजन उतरलं का, ताप येतो का. मी सगळ्याला हो म्हणून मान हलवली. त्यांनी थुंकीसाठी दोन डब्या दिल्या. पहिल्या डबीत मी जे दिलं ते बघून त्या म्हणाल्या, "वहिनी, ही लाळ झाली. सकाळी उठल्याउठल्या खोलातून खाकरून काढा." चाळीत नळावर सकाळी दहा बायका असतात. त्यांच्या देखत खाकरायची मला लाज वाटली. मी मोरीत नळ मोठा सोडून, त्या आवाजात डबी भरली.

निकालाला मी एकटीच महापालिकेच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होत्या. म्हणाल्या, "फुप्फुसाचा टीबी आहे. घाबरू नका, औषधाने बरा होतो. सहा महिने, एक दिवसही चुकवायचा नाही." पुढेही त्या बरंच बोलल्या. मला पहिलं वाक्यच ऐकू येत राहिलं. गावाला माझ्या आत्याला झाला होता. तिचं ताट वेगळं होतं आणि अंथरूण पडवीत होतं. आम्हा मुलांना तिकडे जायची बंदी होती. ती हाक मारायची आणि आम्ही पळायचो.

घरी येऊन यांना सांगितलं. यांनी आधी दार लोटलं. मग म्हणाले, "कोणाला बोलू नकोस. उद्या प्राजूचं लग्न जमवायचं आहे." मग स्वतः उठून त्यांनी चहा केला. मला अर्धा कपच गेला. उरलेला त्यांनी माझ्याच कपातून पिऊन टाकला. मी हात धरायला गेले तर म्हणाले, "राहू दे गं." त्या वेळी मला रडू आलं, निकाल ऐकून आलं नव्हतं.

ताईंचा कागद

दुसऱ्या दिवशी मनीषाताई कागद घेऊन आल्या. घरात कोण कोण राहतं ते त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "बाहेरचं कोणी रोज येऊन बसतं का? कामाला, गप्पांना? पाच वर्षांखालचं मूल आहे का जवळपास?"

रेश्मा नुकतीच घरी गेली होती. परीच्या चपला आमच्या दारातच राहिल्या होत्या. त्या पीं पीं वाजणाऱ्या चपला. मी पायाने त्या हळूच मांडणीखाली सरकवल्या. वाजतील म्हणून जीव मुठीत धरला होता.

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे कोण येतंय?"

ताईंनी लिहून घेतलं. कागदाची घडी करता करता त्या म्हणाल्या, "बरं आहे. लहान मूल असतं तर त्याला आधी तपासावं लागलं असतं. लहानांना हा लवकर धरतो. आजार नसला तरी होऊ नये म्हणून औषध देतो आम्ही."

म्हणजे मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला नीट समजावून सांगितलं होतं. बोलायला मला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती. ताई चपला घालत होत्या, पदर सावरत होत्या, आणि मी दाराला टेकून उभी होते.

हे म्हणाले होते म्हणून मी गप्प राहिले, असं सांगितलं तर लोकांना पटेल. पण खरं तेवढंच नाही. रेश्माचं नाव दिलं तर तिला कळणार, माईंना कळणार, आणि मग ती माझ्याकडे येऊन बसणार नाही, एवढंच माझ्या मनात होतं. माझी एकुलती मैत्रीण मला जाऊ द्यायची नव्हती. तिच्या मुलीचा विचार मी त्या वेळी केला नाही.

यांची आणि प्राजक्ताची तपासणी झाली. दोघंही चांगले निघाले. आजार होऊ नये म्हणून त्यांना आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. माझ्या मुलीला गोळ्या मिळाल्या. परीला मिळाल्या नाहीत.

कावीळ

पहिले दिवस फार वाईट गेले. सकाळी गोळ्या घेतल्या की पोटात ढवळायचं. लघवी लाल-केशरी झाली तेव्हा रक्तच पडतंय असं वाटून मी मोरीत बसून राहिले. ताईंनी आधी सांगितलं होतं की औषधाचा रंग उतरतो, पण त्या घटकेला आठवलं नाही. ज्यांचे उपचार नुकते सुरू झाले आहेत त्यांना एवढं सांगते, ते रक्त नसतं.

कामाची पिशवी मी परत पाठवली. मास्क लावला, खिडकी उघडली. रेश्मा दारात आली. "काय झालं काकी? माल नाही घेतला?"

"कावीळ झाली आहे," मी म्हटलं.

"अगंबाई! मग मास्क कशाला?"

"फोडणीचा वास सहन होत नाही. तू येऊ नकोस पंधरा दिवस. परीला तर आणूच नकोस."

माझ्या हातून झालेली बरी गोष्ट ही एवढीच. पण ती औषध सुरू झाल्यानंतरची. त्याआधी आम्ही किती महिने बंद खोलीत बसलो होतो!

कावीळ हा सांगायला चांगला आजार आहे. कोणी दूर पळत नाही. रेश्मा रोज नाक्यावरून उसाचा रस आणून दारात ठेवायची. लाह्या आणायची. चाळीतल्या बायकांनी मुळ्याचा पाला पाठवला. माईंनीसुद्धा दारातून डोकावून विचारलं, "गो, डोले पिवले दिसत नाय तुझे! कोन म्हनतो कावील?" मी डोळे मिटून पडून राहिले. तो रस मी प्यायले. नाही म्हणता येत नव्हतं.

दोन महिन्यांनी थुंकी तपासली. जंतू दिसले नाहीत. ताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला भूक लागायला लागली होती. हे शनिवारी अंडी आणायचे. आरशात बघितलं की गाल भरलेले दिसायचे. रेश्मा पुन्हा येऊन बसू लागली. सगळं सुरळीत झालं असं मला वाटलं.

वजन

मग परी खाईनाशी झाली. पूर्वी माझ्या ताटातला भात ओढणारी पोर, आता घास तोंडात धरून बसायची आणि थुंकायची. अंगणवाडीत वजन केलं तर वाढलेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात थोडं उतरलं. अंग सारखं कोमट असायचं. खेळता खेळता ती जमिनीवर आडवी व्हायची.

"दात येतायत," रेश्मा म्हणाली. माईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं.

"खोकला आहे का गं तिला?" मी विचारलं.

"नाही हो. असला तर थोडासा."

खोकला नाही म्हणून मी स्वतःची समजूत घातली. पण दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं मी दर खेपेला वाचत होते. लहान मुलांना खोकला असेलच असं नाही, वजन वाढत नाही, ताप जात नाही, खेळत नाही. मला ते पाठ झालं होतं.

हे माझ्या लक्षात आल्यापासून मी बोलेपर्यंत अकरा दिवस गेले. दर दिवशी सकाळी ठरवायची की आज सांगायचं. रेश्मा यायची, परी माझ्या मांडीवर डोकं ठेवायची, तिचं कपाळ मला लागायचं, आणि मी म्हणायची, "भात टाकलास का?" यांना सांगितलं तर हे म्हणाले, "दुसरंही काही असू शकतं." दुसरंही काही असू शकत होतं. अकरा दिवस मी त्या शब्दांना धरून बसले.

गोळ्यांची पट्टी

बाराव्या दिवशी रेश्मा आली, परीला खाली ठेवलं. परी उभी राहिली नाही. बसली आणि भिंतीला टेकली, म्हातारं माणूस टेकतं तशी.

मला वाक्य जुळवता आलं नाही. मी उठून डाळीच्या डब्यामागून गोळ्यांची पट्टी काढली आणि रेश्मासमोर ठेवली.

"ही काय?"

"माझी गोळी."

"कावीळ अजून आहे?"

"कावीळ नव्हती."

तिने पट्टी उचलली, उलटसुलट केली. तिचं शिक्षण माझ्याहून जास्त आहे. तिला वाचायला वेळ लागला नाही.

"टीबी?"

मी मान हलवली. "रेश्मा, परीला तपासून घे. आज. आत्ता. मनीषाताईंनी विचारलं होतं, इथे लहान मूल येतं का. मी नाही म्हणून सांगितलं."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. परीला उचलून तिने छातीशी धरलं आणि मग माझ्यापासून एक पाऊल मागे गेली. ते पाऊल मला अजून दिसतं.

"तिचं काहीतरी बिनसलंय, हे तुम्हाला कधी कळलं?"

मी खोटं बोलू शकले असते. "कालच" म्हणाले असते तरी तिला काय कळणार होतं? पण मी म्हटलं, "अकरा दिवस झाले."

"अकरा दिवस तुम्ही तिला भात भरवताय, काकी."

एवढं बोलून ती गेली. मी चालत मनीषाताईंच्या घरी गेले आणि त्यांनाही सांगितलं. मला वाटलं, त्या तो नावांचा कागद माझ्या अंगावर फेकतील. त्या चप्पल घालून निघाल्या. रस्त्यात एवढंच म्हणाल्या, "वहिनी, नावं विचारते ती कोणाला पकडून द्यायला नाही विचारत."

इस्पितळ

परीला मोठ्या इस्पितळात ठेवलं. एवढी लहान मुलं खाकरून थुंकी देऊ शकत नाहीत. म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात. मी बाहेर बाकावर होते. मला कोणी बोलावलं नव्हतं. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. मध्येच ती "काकी" म्हणाली. रेश्मा मला काकी म्हणते म्हणून परीही काकीच म्हणायची. मी उठले आणि परत बसले. आत जायचा मला हक्क नव्हता.

माई दारात आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "टिकल्या लावता लावता माझ्या नातीला रोग लावलास गो! पानी नाय पिनार तुझ्या हातचं या जन्मात." बाकावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी खाली बघितलं. त्या बोलल्या ते ऐकून घ्यायचं होतं म्हणूनच मी तिथे बसले होते.

निकाल आला. टीबीच निघाला. डॉक्टरांनी रेश्माला सांगितलं, वेळेत आणलंत, बरी होईल. रेश्माचीही तपासणी झाली. ती चांगली निघाली. "वेळेत" हा शब्द रेश्माने मला सांगितला नाही, मनीषाताईंनी सांगितला. त्या मला बरं वाटावं म्हणून सांगत होत्या. मी मनात अकरा दिवस वजा करून बघत होते.

परीला पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. चाळीत सगळ्यांना कळलं. पाण्याच्या नळावर दोघी माझ्यापासून लांब सरकल्या. पण तिसरी, जिच्याशी मी कधी बोललेच नव्हते, ती बादली भरता भरता पुटपुटली, "माझ्या दिराला पण झालेला. आम्ही न्यूमोनिया सांगितलं होतं." आमच्या एका चाळीत किती काविळी आणि न्यूमोनिया असतील, देव जाणे. प्रत्येक घरात कोणीतरी चपला मांडणीखाली सरकवत असणार.

प्राजक्ताचं स्थळ वगैरे काही अडलं नाही. अजून तिचं लग्नच काढलेलं नाही. ज्या भीतीने एवढं केलं ती भीती कुठे गेली तेही कळलं नाही.

नंतर

माझे सहा महिने पुरे झाले. ताईंनी शेवटची तपासणी करून आणली, पेढेही आणले. मी पेढा घेतला. भिंतीपलीकडे परीचा अजून अर्ध्याहून जास्त उपचार बाकी होता. आवाजावरून मला सगळं कळायचं. सकाळी गोळी देताना ती रडायची, रेश्मा गाणं म्हणायची, माई वाटी आपटायच्या. पुढे रडणं कमी झालं. एक दिवस चपलांचा पीं पीं आवाज ऐकला, चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. धावत होती. मी हातातलं काम तसंच ठेवून ऐकत राहिले.

टिकल्यांचं काम मी सोडलं ते सोडलंच. ते करणाऱ्या इतर बायका अजून खिडक्या लावून बसतात. दोघींना मी सांगितलं, दर अर्ध्या तासाने पिशवीवर कापड टाका आणि खोली उघडा. एवढं बोलायला मला आठवडा लागला. एक हसली. एक उघडते.

रेश्मा माझ्याशी बोलत नव्हती. परीचा उपचार संपला तेव्हाही ती आली नाही. मी तिच्या दाराशी गेले नाही. माफी मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तेवढंही ओझं तिच्यावर टाकायला मन होईना.

मागच्या आठवड्यात ती दारात उभी राहिली. आत आली नाही. परी तिच्या कडेवर होती, गालावर मांस आलेली, केस दोन शेंड्यांत बांधलेले.

"काकी, मला कंपनीत पॅकिंगचं काम लागलंय. सकाळची पाळी. माई गुडघ्यामुळे हिच्यामागे धावू शकत नाहीत."

मी ओले हात पदराला पुसले.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही. कधी करीन की नाही तेही माहीत नाही. पण हिला तुमची सवय आहे. दुपारी दोनपर्यंत ठेवाल?"

मी म्हटलं, "थांब. आधी माझी पुन्हा एकदा तपासणी करून घेते. मग ठेव."

"मी मनीषाताईंना विचारून आले आहे," रेश्मा म्हणाली. "तुमचे सगळे कागद बघितले. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, ठेवायला हरकत नाही. तुमच्या शब्दावर नाही ठेवत मी."

"बरं केलंस," मी म्हटलं.

आणि ते मी मनापासून म्हटलं. माझ्या शब्दावर तिने परीला ठेवली असती तर मला ती घेता आली नसती. रेश्माने तिला खाली उतरवलं. परी आत आली, माझ्याकडे न बघता सरळ स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेली आणि म्हणाली, "भात."

रोज दुपारी दोन वाजता रेश्मा येते. दारातूनच विचारते, "काय खाल्लं? खोकली का? ताप?" मी एकेक सांगते. काही झालं नसेल तर झालं नाही म्हणते. काल परी एकदा शिंकली होती. तेही सांगितलं.